स्वतःच्या श्राद्धाचा स्वयंपाक

विद्युल्लताबाई पाठक यांनी स्वतःच्या श्राद्धाचा स्वयंपाक केला तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, प्रकृती ठणठणीत होती आणि चुलीवर वड्यांचं तेल तापत आलं होतं. १९५६ सालची कार्तिक वद्य नवमी. काशीत हवा कोरडी होती आणि श्राद्धाच्या दोन ब्राह्मणांखेरीज जबलपूरचे एक पाहुणे जेवायला होते, एवढंच बाईंना सांगितलं होतं. श्राद्ध कोणाचं, ते सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारलंही नाही. त्या कधीच विचारत नसत.

घर त्यांच्या थोरल्या भावाचं, बिंदुमाधव मुळ्यांचं. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, तीन मजली. जबलपूर, नागपूर, इंदूर, सातारा इथून येणारे मराठी यात्रेकरू मुळ्यांकडे उतरत. सकाळी दशाश्वमेधावर स्नान आणि संकल्प, दुपारी घरी श्राद्ध, मग जेवण. यजमानांची सोय चोख ठेवावी लागे आणि त्या सोयीतली मोठी बाब म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. तो बाई करत. नवरा श्रीराम पाठक, संस्कृत पाठशाळेतला शिक्षक, सत्तेचाळीस साली विषमज्वराने गेला. आठ वर्षांच्या नंदाला घेऊन त्या भावाच्या दारात आल्या, त्याच दिवशी दुपारी त्यांच्या हातात पळी आली. ती राहिली.

सोवळ्यात असलेल्या बाईला कोणी शिवायचं नाही, हाक मारून मधेच काही विचारायचं नाही. म्हणून बाईंनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीत वीतभर झरोका होता. त्यातून मंत्र ऐकू येत. संकल्प सुरू झाला की वड्यांचा पहिला घाणा सोडायचा. ब्राह्मणांचे पाय धुवायचे मंत्र आले की पानं घ्यायची. जेवणाअखेरचे मंत्र सुरू झाले की पिंडांसाठी वेगळा काढलेला भात झाकण उघडून निववायचा. बाईंना संस्कृत येत नव्हतं, पण कुठल्या ओळीला खीर आणि कुठल्या ओळीला आमसुलाची चटणी हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्या दिवशी मंत्र सांगायला दिनानाथभट होते. बिंदुमाधवांनी त्यांना "आज जरा हळू" असं बजावलेलं बाईंनी ऐकलं होतं. पाहुण्यांचं डोकं दुखत असेल, असं त्यांना वाटलं. पण घाटावर तीस वर्षं शंभर माणसांच्या गलक्यात संकल्प सांगून दिनानाथभटांचा गळा एकाच मापाचा झाला होता. तिथी झाली, वार झाला, गोत्र आलं. भारद्वाज. बाईंनी पहिला वडा तेलात सोडला. नाव आलं. विद्युल्लता.

काशीत विद्युल्लता नावाची दुसरी बाई असेलही. पण भारद्वाज गोत्राची, श्रीरामाची पत्नी आणि बिंदुमाधवाची बहीण असलेली दुसरी नव्हती. दिनानाथभटांनी हे सगळं एकामागून एक म्हटलं आणि भावाच्या आवाजाने ते शब्दागणिक त्यांच्यामागून म्हटलं.

नऊ वर्षांत करपलेला तो पहिला घाणा.

*

या दुपारचं मूळ जवळजवळ तीन वर्षं मागे होतं, शहराबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात. चौपन्नच्या जानेवारीत बाईंना खोकल्यातून रक्त पडलं. बिंदुमाधवांनी त्यांना एक्क्यात घालून तिथे नेलं, खाट मिळवून दिली आणि "रविवारी येतो" म्हणून ते गेले. तो रविवार सात महिन्यांनी उजाडला. घरात पोरंबाळं, यात्रेकरूंचा राबता, क्षयाचा संसर्ग. कारणं खरी होती. नंदाला पाठवलं नाही, तेही बरोबरच. पण एक पोस्टकार्डही आलं नाही. पहिले दोन महिने बाई फाटकाकडे तोंड करून निजत. मग त्यांनी कूस बदलली.

अकराव्या दिवशी त्यांच्या कानावर मराठी पडली. शरदिनी रणपिसे नावाची नर्स, मूळची नगरची, चाळिशीची, बोलायला खडबडीत. ती रोज दुपारी खाटेशी बसून शुभवर्तमानातलं थोडं थोडं सांगायची. बाई ऐकत, कारण मराठी ऐकायला मिळत होती. देवाधर्माचं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि त्यात आपलं काम स्वयंपाकाचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी शरदिनीने त्यांना शेकोटीची गोष्ट सांगितली. येशूला धरून नेलं तेव्हा त्याचा अगदी जवळचा शिष्य परक्यांच्या अंगणात शेकत उभा होता. तीनदा लोकांनी विचारलं, तीनदा तो म्हणाला, मी नाही ओळखत त्याला. येशूला क्रुसावर मारलं. तिसऱ्या दिवशी तो उठला. पुढे एकदा हे शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परतत होते, तर किनाऱ्यावर कोणी निखारे पेटवून मासे भाजत होतं. तोच होता. त्याने सगळ्यांना न्याहारीला बोलावलं.

"स्वतः भाजले?" बाईंनी विचारलं.

"स्वतः."

"आणि तो? ओळखत नाही म्हणणारा?"

"तोही बसला की जेवायला."

"आधी चांगलं सुनावलं असेल त्याला."

"आधी वाढलं. विचारायचं ते जेवण झाल्यावर विचारलं."

बाईंनी उशी पाठीशी घेतली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे देवाला नैवेद्य करतात, सिस्टर. देवाने चूल पेटवलेली मी ऐकली नव्हती." आणि त्यांना हसू आलं. मासे हा शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात उच्चारत नसत, त्याचंही हसू आलं. हसताना खोकला आला.

"हसा, पण बेताने," शरदिनी म्हणाली. "फुप्फुस अजून कच्चं आहे तुमचं."

सात वर्षांत बाईंना कोणी आयतं ताट वाढलं नव्हतं. इथे रोज वाढत होते. वाढणारी मेहतराची सून होती आणि आरंभी बाईंनी चार दिवस तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. आता त्या तिची वाट बघू लागल्या. वजन वाढलं, ताप उतरला. यातलं किती औषधाने आणि किती कशाने, याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. एवढं मात्र त्या पुढे सांगत की आपण कोणाला तरी हव्या आहोत, ही गोष्ट त्यांना वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, क्षयाच्या खाटेवर, प्रथम कळली. आणि कळल्यावर भूक लागली. ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या प्रार्थनामंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लपवाछपवी त्यांना जमत नसे. न्यायला आलेल्या भावाला त्यांनी फाटकातच सांगितलं. बिंदुमाधव चिडले नाहीत. ते चिडणारे गृहस्थ नव्हते. एक्का चालू लागल्यावर ते शांतपणे म्हणाले, "नंदीचं वय काय आता?"

"पंधरा."

"दोन वर्षांत उजवायला हवी. हे बाहेर फुटलं तर कोण करील तिला? तू तोंड मिटून राहा. पूर्वीसारखी स्वयंपाकघरात राहा. तिचं लग्न मी करून देतो, चांगल्या घरी. अंतरपाट धरतील तेव्हा तू सगळ्यांसमोर उभी राहून लेकीवर अक्षता टाकशील. विधवा म्हणून कोणी मागे सारू लागलं तर मी बघून घेईन. माझा शब्द. त्यानंतर तू आणि तुझा येशू."

बाईंनी शब्द घेतला. आणि दिला.

सोवळ्याचं काय, असं त्यांनी भावाला विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या हातचे वडे दोन वर्षं ब्राह्मण जेवत होते आणि पितर तृप्त होत होते. वहिनीचे गुडघे धरले होते. दुसरी स्वयंपाकीण मिळत नव्हती. शरदिनीला मात्र बाईंनी विचारलं होतं. ती म्हणाली, "माणसं जेवतात ना? मग वाढा. पण लपवताय, ते मला पटत नाही."

महिन्यातून एखाद्या रविवारी बाई दवाखान्याकडे जात. गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर बसणारा गोपीनाथ दर वेळी विचारी, "काकी, कहाँ चलीं?" बाई म्हणत, "दवा लेने." दोन वर्षं त्या हेच म्हणत होत्या.

*

करपलेला घाणा बाईंनी बाजूला काढला, तेल निववलं, दुसरा सोडला. पानं घ्यायची वेळ झाली तशा वाटी-पळी घेऊन माजघरात आल्या. भाऊ वर बघत नव्हता. जबलपूरचे पाहुणे भिंतीशी पाटावर बसले होते: प्रल्हादपंत, निवृत्त हेडमास्तर, उंच, स्वच्छ धोतर. त्यांचा मुलगा रत्नाकर रेल्वेत होता आणि माघात नंदाशी त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीची आई बाटल्याची कुणकुण पंतांना लागली होती. बिंदुमाधवांनी त्यांना कळवलं होतं की कोणीतरी खोडसाळपणा केला असावा. आई तर दोन वर्षांपूर्वीच दवाखान्यात क्षयाने गेली. मुलगा नाही म्हणून श्राद्ध मीच करतो. नवमीला या, डोळ्यांनी बघा. पंत बघायला आले होते.

लग्न ठरल्याचं बाईंना ठाऊक होतं, हे व्याही हेही त्यांनी ओळखलं; बाकीचं सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं की नंदा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी आहे आणि तिचा चेहरा दचकलेल्या माणसाचा नाही. तिला माहीत होतं.

ब्राह्मणांची पानं झाली, पिंड झाले. मग पंत जेवायला बसले. वडा मोडला, खाल्ला, दुसरा मागितला.

"बिंदुमाधवराव, असा वडा आमची आई गेल्यापासून खाल्ला नाही." त्यांनी नंदाकडे पाहिलं. "मुली, या बाई पुष्कळ वर्षं आहेत वाटतं तुमच्याकडे?"

"हो," नंदा म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून."

"नात्यातल्या आहेत?"

नंदाने तांब्या खाली ठेवला. "नाही. स्वयंपाकाच्या बाई आहेत."

बाईंनी पंतांना खीर वाढली. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर लग्न तिथेच मोडलं असतं. ते वाक्य जिभेवर होतं, त्याची चवसुद्धा लागत होती. पण समोर सतरा वर्षांची पोर होती आणि ती घाबरलेली होती.

पंत हात धुवायला उठता उठता म्हणाले, "मुळे, एक मागतो. लग्नाच्या स्वयंपाकाला याच बाई जबलपूरला पाठवा. हवं तर माझा हट्ट समजा."

*

पंत वर विश्रांतीला गेले. बिंदुमाधव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, पण त्याहून जास्त सुटका होती.

"ऐकलंस का?"

"दिनानाथभटांचा आवाज गंगेपलीकडे रामनगरला ऐकू जातो, दादा. मला भिंतीपलीकडून नाही यायचा?"

"अगं, तो उपचार झाला. चार शब्द म्हणायचे. मी रोज दहादा म्हणतो. त्याने कोणी मरत नाही."

"पिंड कोणी केले?"

"मीच."

"भात बरा झाला होता?"

ते गोंधळले. "विद्ये, हे बघ, उलट बरंच झालं. स्वतः व्याही तुला बोलावतोय. तू लग्नाला जाशील. मी दिलेला शब्द मोडला का?"

"अक्षता कुठून टाकू? चुलीपुढून?"

"मुदपाकखान्याच्या दारातून टाक. त्या गर्दीत कोण बघतंय?"

ते गेल्यावर नंदा आली. ती आत आली नाही, दाराला टेकून उभी राहिली. सोवळ्यामुळे असेल.

"आई, तमाशा मत करना, प्लीज." रडू आलं की नंदा हिंदीत बोले.

"केला का?"

"मामा म्हणाला, एवढं एकदाच. नंतर तुला काही बोलावं लागणार नाही. मी काय करणार होते?"

"काही नाही. तू जेवलीस?"

"नाही."

"बस मग."

नंदा बसली नाही. "तू येशील ना जबलपूरला? मला... तू असशील तर बरं वाटेल. कोणी काही ओळखणार नाही."

"कोणी ओळखणार नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर."

संध्याकाळपर्यंत त्यांनी भांडी घासली. घासताना संताप आला, तो मुख्यतः भावाचा नव्हता. भाऊ असाच होता. लेकीचाही निम्माच. राहून राहून त्यांना गोपीनाथची टपरी आठवत होती. दवा लेने. कोणी विचारलं की दवा लेने. अंगणातल्या शेकोटीपाशी उभा राहून तो शिष्य तीनदा म्हणाला होता. त्या किती वेळा म्हणाल्या, ते मोजण्यापलीकडे गेलं होतं. मूठभर अक्षतांसाठी त्यांनी दोन वर्षं एका माणसाला ओळख दिली नव्हती आणि आज लेकीने त्याच अक्षतांसाठी त्यांना दिली नाही. पोर कोणाकडून शिकली असणार?

हे ध्यानात आलं तेव्हा त्या घासत असलेली कढई तशीच हातात धरून बसल्या. मग त्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि त्यांना दवाखान्यातल्यासारखं हसू फुटलं. लग्नापर्यंत तोंड मिटून राहायची अट जिवंत बाईला होती. ती बाई दुपारी वारली. पिंडसुद्धा पडले. मेलेल्या बाईला कुठे जाऊ नको म्हणून कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी पंत गाडीने परत गेले. बाईंनी भावाला सांगितलं, "जबलपूरला मी येणार नाही. पंतांना सांग, बाई आजारी आहे. खोटं तुला जमतं."

"हट्टाने लेकीचं लग्न चुकवशील?"

"स्वयंपाकीण म्हणून गेले तर चुकणारच आहे."

पुढच्याच रविवारी सकाळी नऊ वाजता त्या धुतलेलं पांढरं लुगडं नेसून पुढच्या दाराने बाहेर पडल्या. टपरीवरून गोपीनाथने विचारलं, "काकी, कहाँ चलीं?"

"गिरजाघर," बाई म्हणाल्या.

गोपीनाथच्या हातातला काताचा चमचा थांबला. गल्लीला त्या दिवशीच सगळं कळलं; जबलपूरला मात्र कळलं नाही. मुलीच्या लग्नात मोडता घालायचा नाही, एवढा शहाणपणा त्या गल्लीत होता. बाई परत आल्या तेव्हा त्यांची ट्रंक बिंदुमाधवांनी ओसरीवर काढून ठेवली होती. वर सोवळ्याचं पातळ नीट घडी घालून ठेवलं होतं. ते बाईंनी तिथेच ठेवलं.

*

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळालं. रोज साठ माणसांचं जेवण. माघात नंदाचं लग्न झालं, त्या दिवशी बाईंनी नेहमीचीच खिचडी केली आणि मीठ विसरल्या. शरदिनीने पहिला घास घेतला आणि मीठ मागवलं.

त्या सुखी होत्या का, असं कोणी विचारलं तर बाई प्रश्न उडवून लावत. पण पहाटे चूल पेटवताना त्या गुणगुणत, आणि त्यांना सूर नसल्यामुळे नर्सा त्यांची नक्कल करत. एका वर्षी दवाखान्यात कामाला असलेल्या, आई नसलेल्या एका आयेचं लग्न होतं. पाद्र्यांनी बाईंना तिच्या आईच्या जागी उभं केलं, अगदी पुढे. कपाळ उघडं असलेल्या बाईला लग्नात पुढे उभं करताना तिथे कोणाचीही भुवई वर गेली नाही. फुलं टाकून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कडी लावून अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या त्या जिलब्यांचं ताट घेऊन.

बासष्टच्या डिसेंबरात प्रल्हादपंतांच्या अस्थी घेऊन रत्नाकर आणि नंदा काशीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, नवरा घाटावर गेलेला असताना, नंदा दवाखान्याच्या मागच्या दाराशी आली. सहा वर्षांत एकही पत्र नव्हतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पाट मांडला आणि पोहे भिजवले. इकडच्या पद्धतीने मटार घालून, तुपात परतून तिच्यापुढे ठेवले. विचारायच्या गोष्टी पुष्कळ होत्या. जेवण झाल्यावर विचारू, असं त्यांनी ठरवलं.

नंदाने अर्धी बशी संपवली. मग खाली बघत म्हणाली, "आमच्याकडे दर पितृपक्षात सगळ्यांच्या पिंडांत तुझाही असतो. सासरे तुझं नाव घेत. फार मनापासून करत. वडे मी करते."

बाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"कसे होतात?"

"तुझ्यासारखे नाही होत. तेलकट होतात."

"पीठ सैल होत असेल," बाई म्हणाल्या. "डाळ वाटताना पाणी घालू नकोस. आणखी पोहे घे."

नंदाने बशी पुढे केली. विचारायचं ते बाईंनी त्या दिवशी विचारलं नाही.